दीड लाखाच्या मशीननं पाण्यात नेमकं काय बदलतं?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. यवतमाळ जिल्ह्यात गावाकडं घर, घरच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण आकडा) ९००, वडील सत्तरीचे, त्यांचे गुडघे दुखतात, आणि गेल्या आठवड्यात एक जण घरी येऊन पाण्याचं मशीन दाखवून गेला. त्याचं म्हणणं असं की बोअरचं पाणी विषारी, आरओचं पाणी मेलेलं, आणि त्याच्या दीड लाखाच्या मशीनमधलं पाणी ‘जिवंत’, म्हणजे षटकोनी रचनेचं आणि अल्कलाइन, ते प्यायलं की गुडघे मोकळे होतात. वडिलांना पटलंय. अकरावी सायन्सची मुलगी म्हणते बाबा पाणी म्हणजे एच टू ओ, त्यात जिवंत काय नि मेलेलं काय. आणि तुम्ही विचारलंय की मुलीचं खरं धरलं तर मग पाण्यात असं आहे तरी काय की त्यावाचून एकही जीव जगत नाही, आणि ते जे काही आहे ते मशीननं वाढतं का.

मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये २४ वर्षं काम करतेय, त्यातली पहिली ९ वर्षं तुमच्याच भागात, यवतमाळ-चंद्रपूरकडं, नंतर नाशिकला. माझ्या मते तुमची खरी अडचण मशीन नाहीये. तुमच्या बोअरच्या पाण्यात नेमकं काय विरघळलंय हे अजून कुणी तपासलेलंच नाही, ही आहे. टीडीएसच्या आकड्यावरून ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय मशीन घ्या, घेऊ नका, आरओ बसवा, नका बसवू, यातलं काहीच ठामपणे सांगता येत नाही. ते शेवटी सांगते. आधी मुलीच्या प्रश्नाकडं येऊ, कारण एकदा पाण्याचा स्वभाव कळला की त्या माणसाचं बोलणं कुठं चुकतं ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

पाण्याचा रेणू सरळ रेषेत नसतो. मध्ये ऑक्सिजन, दोन बाजूंना दोन हायड्रोजन, आणि त्यांच्यामधला कोन १०४.५ अंशाचा, म्हणजे वाकडा. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडं ओढून घेतो त्यामुळे त्याच्या बाजूला थोडा ऋण भार, हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन भार. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना खाऊन टाकली असती, वाकडा आहे म्हणून ती शिल्लक राहते. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरतो. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात, मुलीच्या पुस्तकात असेलच.

आता पुस्तकात जे एका ओळीत उरकतात तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हा बंध कच्चा असतो. रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजनचा पक्का बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या साधारण विसाव्या भागात हा तुटतो. आणि द्रव पाण्यात तो टिकतो किती, तर पिकोसेकंदांच्या हिशेबात, म्हणजे एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम एखाद-दोन. धरला, सुटला, लगेच दुसऱ्याला धरला. आपल्याकडं मंगळागौरीला बायका झिम्मा खेळतात ना, हिला टाळी, तिला टाळी, हात कुणाच्याच हातात राहत नाही पण खेळ एकसारखा चालू राहतो, तसं. प्रत्येक रेणू एका वेळी चारांपर्यंत शेजारी धरतो आणि सतत बदलत राहतो. पाण्याचे म्हणून जेवढे गुण सांगतात ते जवळजवळ सगळे या झिम्म्यातून निघतात, तो थांबला तर पाण्याचा बर्फ होतो.

हा बंध नसता तर काय झालं असतं ते बघा. गोबर गॅसमधला मिथेन वजनानं पाण्याएवढाच, त्याचा रेणू १६ आणि पाण्याचा १८, पण मिथेन उणे १६१ अंशालाच उकळतो. पाण्याचा सख्खा चुलतभाऊ हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, तो तर पाण्याच्या जवळपास दुप्पट वजनाचा, तरी उणे ६० ला उकळतो. या हिशेबानं पाणी आपल्या पृथ्वीवर वाफ म्हणूनच असायला हवं होतं. नदी नाही, विहीर नाही, रक्त नाही. ते १०० अंशापर्यंत द्रव राहतं कारण एक रेणू हवेत सोडायचा तर आधी त्याचे सगळे हात सोडवावे लागतात.

उष्णतेचंही तसंच. पाणी तापवताना बरीच उष्णता हे हात सोडवण्यात खर्च होते, त्यामुळे ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. १ लिटर पाणी १ अंशानं तापवायला १ किलोकॅलरी लागते, तेवढ्याच वजनाच्या तेलाला साधारण निम्मी, लोखंडाला नववा भाग. हे मी पुस्तकाच्या आधी शेतात शिकले. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली, आणि मणी तडकायला लागतात. वडील पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायचे आणि ड्रिप चालू करायचे. मला लहानपणी कळायचं नाही की इतक्या थंडीत बागेला गार पाणी कशाला द्यायचं. पण विहिरीचं पाणी गार नसतंच, ते २२-२४ अंशाला असतं. त्यातलं प्रत्येक लिटर ५ अंशापर्यंत निवताना १७-१९ किलोकॅलरी उष्णता बागेला देतं, आणि ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसभराची ऊबही जास्त धरून ठेवते. आणि समजा गोठायचीच वेळ आली तर गोठतानासुद्धा दर लिटरमागं ८० किलोकॅलरी बाहेर पडते. म्हणजे थंडीला आधी पाण्याशी झुंजावं लागतं, मग वेलीशी. एकरभर बागेत किती हजार लिटर पाणी जातं ते तुम्ही शेतकरी असाल तर वेगळं सांगायला नको.

याचंच मोठं रूप म्हणजे समुद्र. मे महिन्यात मुंबई ३३-३४ वर असते तेव्हा नागपूर ४२-४३ वर, आणि जानेवारीत रात्री नागपूर मुंबईपेक्षा गार. मुंबईला कडेला समुद्र आहे, तो उन्हाळ्याची उष्णता पोटात घेतो आणि हिवाळ्यात सोडतो. आपल्या शरीरातही साधारण ६० टक्के पाणीच आहे. म्हणून उन्हात तासभर उभं राहिलं तरी अंगाचं तापमान लगेच पाच अंशानं वर जात नाही.

उष्णता बाहेर टाकायचं कामही पाणीच करतं. अंगावरचा १ लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. माठाचं गणित मुलीला घालून बघा, १० लिटरच्या माठातून फक्त १०० मिली पाणी पाझरून हवेत गेलं तरी ५८ किलोकॅलरी गेली, म्हणजे उरलेलं पाणी जवळपास ६ अंशानं उतरायला हवं. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येत राहते म्हणून तेवढं उतरत नाही. तुमच्या विदर्भात कूलर छान चालतो आणि मुंबईत चालत नाही त्याचंही कारण हेच, मुंबईच्या हवेत आधीच वाफ भरलेली, पाणी उडायला जागाच नाही.

बर्फाचं थोडक्यात सांगते कारण आपल्याकडं तळी गोठत नाहीत. गोठताना प्रत्येक रेणू चारांचे हात धरून स्थिर होतो आणि त्यासाठी त्यांना एकमेकांपासून जरा लांब उभं राहावं लागतं, म्हणून बर्फ हलका, ०.९१७ घनतेचा, आणि तरंगतो. सगळ्यात जड पाणी ४ अंशाचं असतं, ते तळाशी जातं. काश्मीरात दल सरोवराचा वरचा थर गोठतो तेव्हा खाली मासे जगतात ते यामुळे. बर्फ बुडाला असता तर थंड देशांतली तळी तळापासून भरीव गोठली असती. याच गुणाची वाईट बाजू म्हणजे पेशीच्या आत पाणी गोठलं तर फुगून ती फोडतं. टोमॅटो फ्रीजरमध्ये ठेवून बाहेर काढला की लगदा होतो ते बघितलंच असेल.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट. तुम्ही विहिरीवर काठावर मोटर बसवली असेल तर माहीत असेल की ती खालून पाणी ओढू शकते ते फार तर ७-८ मीटरवरून. हवेचा दाबच तेवढा, अगदी आदर्श पंप असला तरी १०.३ मीटरच्या वर पाणी ओढता येत नाही. मग २० मीटरच्या नारळाच्या शेंड्याला पाणी कसं पोचतं? तिथं मोटर नाही, आवाज नाही, काही नाही. पानातून पाण्याचा रेणू उन्हात उडाला की तो जाताना मागच्या रेणूला ओढतो, तो त्याच्या मागच्याला, आणि ही ओढ खोडातल्या केसाहून बारीक नळ्यांमधून थेट मुळापर्यंत जाते. हा विचार डिक्सन आणि जोली या दोन शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडला आणि आजही मुळात तोच धरतात. एकेक बंध कच्चा, पण एका वेळी कोट्यवधी धरलेले असतात त्यामुळे पाण्याचा धागा तुटत नाही. खोडाच्या भिंतींनाही पाणी चिकटतं, तोही आधार. दुपारी उभं पीक सुकल्यासारखं दिसतं आणि संध्याकाळी परत ताठ होतं, तेव्हा वरून जाणारं पाणी जास्त आणि खालून येणारं कमी अशी तूट पडलेली असते, रात्री ती भरून निघते.

विरघळवणं हा पाण्याचा पुढचा गुण, आणि तुमच्या बोअरचा सगळा मामला इथं येतो. मिठाच्या खड्यात सोडियम धन भाराचा, क्लोराइड ऋण भाराचा, दोघांची एकमेकांना घट्ट ओढ. पाण्याचे रेणू सोडियमकडं ऑक्सिजनची बाजू करतात, क्लोराइडकडं हायड्रोजनची, आणि दोघांना चहूबाजूंनी घेरून टाकतात. पाण्यात त्या दोघांमधली ओढ हवेतल्यापेक्षा सुमारे ८० पटीनं कमी होते. १०० मिली पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरतं ते त्यामुळे. साखर भारित नसते पण तिलाही पाण्याचे हात धरता येतात, म्हणून तीही विरते. तेलाला मात्र या झिम्म्यात जागा नाही. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात सोडून तेलाला धरायला तयार नसतात, मग तेलाचे थेंब आपापले गोळा होऊन वर येतात, मिसळीची तर्री होते तशी. आपल्या आया-आज्या हळद-तिखट फोडणीत का घालतात, तर हळदीचा आणि मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नीट उतरत नाही. मीठ मात्र पाण्यात पडतं.

तेल बाजूला काढण्याच्या या खोडीवर प्रत्येक जीव उभा आहे. पेशीचं आवरण ज्या रेणूंचं बनतं त्यांचं डोकं पाण्यात रमणारं आणि शेपट्या तेलकट. पाण्यात सोडले की ते आपणहून दोन थरांत उभे राहतात, शेपट्या आत, डोकी बाहेर, जाडी ४-५ नॅनोमीटर. कुणी शिवत नाही, कुणी जोडत नाही, आजूबाजूचं पाणीच त्यांना तसं बसवतं. प्रथिनांची घडी बसते तीही बऱ्याच अंशी अशीच. म्हणजे रक्तातून मीठ, साखर, युरिया वाहून नेणारंही पाणीच, आणि पेशीची भिंत उभी करणारंही पाणीच. एकच द्रव ही दोन्ही कामं करतो म्हणून त्यावाचून जीव नाही, निदान आपल्याला माहीत असलेला तरी नाही.

इथवर मुलीचं उत्तर झालं असं धरते. तिचं बरोबर आहे, पाणी म्हणजे एच टू ओच, पण एकटा रेणू काही करत नाही, जे होतं ते त्यांच्या सतत धरण्या-सोडण्यानं होतं.

आता मशीन. षटकोनी रचनेचं पाणी म्हणून जे विकतात त्याचा दावा असा की मशीनमधून गेल्यावर रेणू विशिष्ट रचनेत बसतात आणि तसेच राहतात. पण पाण्यातली कुठलीही रचना पिकोसेकंदांत मोडते हे वर आलंच. नळातून पेल्यात पडेपर्यंत ती हजारो कोटी वेळा मोडून गेलेली असते. खरोखर टिकणारी षटकोनी रचना एकाच ठिकाणी असते, बर्फात. आणि समजा पाणी एका रचनेत अडकून बसलं असतं तर ते मीठ विरघळवू शकलं नसतं, झाडात चढू शकलं नसतं, पेशी उभी करू शकलं नसतं. पाण्याचं बळ न अडकण्यात आहे आणि हा माणूस अडकलेलं पाणी जिवंत म्हणून विकतोय, म्हणून मला त्याचं बोलणं इतकं खटकलं.

पाण्याच्या वेगळ्या रूपानं मोठमोठे लोकही फसलेत, त्यामुळे वडिलांना पटलं यात त्यांची चूक अजिबात नाही. १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियात फेद्याकिन आणि नंतर डेर्यागिन या शास्त्रज्ञांनी काचेच्या अतिबारीक नळ्यांमध्ये घट्ट, उशिरा उकळणारं असं नवंच पाणी सापडल्याचं सांगितलं, त्याला पॉलीवॉटर नाव पडलं, जगभर त्यावर काम सुरू झालं. अमेरिकेत डेनिस रूसो यांनी स्वतःच्या घामाचा वर्णपट काढला तर तो पॉलीवॉटरशी जुळला, म्हणजे ती सगळी नळ्यांमधली घाण होती. १९७३ मध्ये डेर्यागिन यांनी स्वतः ते मान्य केलं. या गोष्टीनंतर मी लॅबमध्ये येणाऱ्या नव्या मुलांना एवढंच सांगते की पाणी वेगळं वागताना दिसलं तर आधी त्यात काय मिसळलंय ते बघा.

त्या माणसानं दोन पेल्यांत सळया बुडवून वीज सोडली, आणि तुम्ही लिहिलंय की बोअरचं पाणी काळपट-तपकिरी झालं आणि त्याच्याकडचं आरओचं स्वच्छ राहिलं, आई घाबरली. तो प्रयोग मी अनेक घरांत बघितलाय. त्या सळयांमध्ये एक लोखंडाची असते. शुद्ध पाण्यातून वीज जवळपास जात नाही, क्षार विरघळलेले असले तरच जाते. तुमच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज गेली आणि लोखंडाची सळई विरघळली, तो तपकिरी गाळ म्हणजे सळईचा गंज, तुमच्या पाण्यातला नाही. खात्री करायची तर तो परत आला की त्याच्या स्वच्छ राहिलेल्या पेल्यात चिमूटभर जेवणातलं मीठ टाका आणि त्याच सळया बुडवून परत वीज सोडायला लावा, तेही तसंच तपकिरी होईल. हे वडिलांसमोर करा. माझ्या शंभर वाक्यांपेक्षा ते त्यांना लवकर पटेल.

अल्कलाइनचं असं आहे. शुद्ध पाण्यातही साधारण ५५ कोटी रेणूंमागं एक रेणू आपणहून फुटलेला असतो, त्याचा हिशेब म्हणजे पीएच, आणि शुद्ध पाण्याचा तो ७, त्याच्या वर गेला की पाणी अल्कलाइन. मशीन तो साडेआठ-साडेनऊपर्यंत नेतं, यात खोटं काही नाही. पण पोटात गेल्यावर तिथं दीड-दोन पीएचचं आम्ल आहे. साडेनऊ पीएचच्या पेलाभर पाण्यात जेवढे हायड्रॉक्साइड, म्हणजे पाणी अल्कलाइन करणारे कण, असतात तेवढ्यांना जठरातलं १ मिली आम्ल पुरून उरतं. आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात, रात्रंदिवस, पेल्यातल्या पाण्याची वाट बघत नाहीत. पीएच जास्त म्हणजे पाणी चांगलं असंही काही नाही. लोणारच्या सरोवराचा पीएच १० च्या आसपास आहे, तिथं त्या पाण्याला सरावलेले सूक्ष्मजीव मजेत जगतात, आपण ते पाणी पिऊ शकत नाही.

आरओचं पाणी मेलेलं, हेही खरं नाही. रेणू तेच, झिम्मा तोच, फक्त विरघळलेले क्षार बरेचसे काढलेले. कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी होतं हे खरं, पण आपल्याला ते मुख्यतः दूध, नाचणी, तीळ, डाळी, भाजीतून मिळतं. मी स्वतः फार खाली, दहा-वीस टीडीएसवर आणलेलं पाणी सुचवत नाही, चवही बरी लागत नाही. आणि मुळात गरज नसताना आरओ लावू नये असंच माझं मत आहे, त्यात बरंच पाणी वाया जातं आणि तुमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याची काय गत असते ते मी बघितलंय.

मग तुमच्या ९०० चं काय करायचं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. म्हणजे ९०० हा आकडा एकटा घाबरवणारा नाही. पण टीडीएस मीटर फक्त पाण्यातून वीज किती जाते ते मोजतं. ती कॅल्शियममुळे जातेय, मिठामुळे, नायट्रेटमुळे की आणखी कशामुळे हे त्याला कळत नाही, आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटचे ९०० असतील तर भांड्याला पांढरा थर बसेल, डाळ शिजायला वेळ लागेल, साबणाला फेस येणार नाही, पण त्यानं घाबरायचं कारण नाही. नायट्रेट लिटरमागं ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर मात्र घरात तान्हं मूल असल्यास ते पाणी त्याला अजिबात द्यायचं नाही, आणि उकळून उपयोग नाही, उकळल्यानं पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं.

आणि तुमच्या भागात मला पहिली शंका येते ती फ्लोराइडची. यवतमाळमध्ये, विशेषतः पांढरकवडा-झरी जामणीकडं, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं माहीत आहे. मर्यादा लिटरमागं १ मिलिग्रॅम, फार तर दीड. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिकडच्या एका गावातून सॅम्पल आणले होते, पाणी काचेसारखं स्वच्छ, प्यायला गोड, मऊ, साबणाचा फेस भरपूर, गावाला त्या हातपंपाचा अभिमान होता. शाळेतल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते आणि दोन म्हातारी माणसं अशी होती की त्यांना मान खाली वाकवता येत नव्हती. रिपोर्ट आला तेव्हा मी तो तीनदा परत करून बघितला. नंतर कळलं की ते मऊ लागणं हीच खूण होती. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं, कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त अशा पाण्यात फ्लोराइड मोकळं फिरतं. आणि हाडाच्या खनिजात हायड्रॉक्साइडच्या जागी ते सहज बसतं, कारण दोघांचा आकार जवळपास सारखा. वर्षानुवर्षं असं झालं की सांधे आणि कणा आखडतात.

तुमच्या वडिलांचे गुडघे यामुळेच दुखतात असं मी म्हणत नाहीये, सत्तरीत गुडघे झिजलेलेही असतात, ते हाडांच्या डॉक्टरांनाच दाखवा आणि त्यांना बोअरच्या पाण्याचं आवर्जून सांगा. पण दीड लाख घालण्याआधी फ्लोराइडचा आकडा हातात हवा. तो जास्त निघाला तर पिण्या-स्वयंपाकापुरता साधा आरओ चालेल, तो फ्लोराइड बराच कमी करतो. फक्त एक लक्षात ठेवा, बऱ्याच आरओमध्ये टीडीएस वाढवायला एक स्क्रू असतो, तो फिरवला की आरओच्या पडद्यातून न गेलेलं पाणी परत मिसळतं, म्हणजे काढलेलं फ्लोराइडही परत येतं. मेकॅनिकला तो पूर्ण बंद करायला सांगा. गावात नळयोजनेचं तपासलेलं पाणी येत असेल तर तेच प्या, आरओही नको.

सॅम्पल असा घ्या. बोअर दहा मिनिटं चालू ठेवा, मग स्वच्छ प्लास्टिकची १ लिटरची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा, त्यावर तारीख, गाव, बोअरची खोली लिहा. जंतूंच्या तपासणीला लॅबमधून निर्जंतुक बाटली आणायची, ती विसळायची नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची लॅब तुमच्या जिल्ह्यात आहे, ग्रामपंचायतीतून पाठवलं तर काम सोपं होतं. पीएच, टीडीएस, एकूण कठीणपणा, कॅल्शियम, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड आणि कोलिफॉर्म (जंतूंची तपासणी), एवढं सगळं लिहून मागा, नाहीतर पुष्कळदा नुसता टीडीएस-पीएचचा कागद हातात देतात.

रिपोर्ट आला की सगळे आकडे लिहा, आणि मुलांच्या दातांवर डाग आहेत का, गावातल्या आणखी कुणाचे सांधे आखडलेत का तेही. मशीनवाल्याला तोवर काही देऊ नका, ॲडव्हान्ससुद्धा नाही.